२४ तास फोन, गाणी, टीव्ही काहीच नाही: हा प्रयोग मुलांना पुन्हा करायला लावावा का?

पाऊलवाट:
मी कॉलेजात माध्यमं हा विषय शिकवते. गेल्या महिन्यात दुसऱ्या वर्षाच्या मुलांना एक काम दिलं. एक पूर्ण दिवस निवडायचा, त्या २४ तासांत फोन, इंटरनेट, टीव्ही, गाणी, गेम यांतलं काहीही वापरायचं नाही, आणि दुसऱ्या दिवशी जे वाटलं ते हाताने दोन पानं लिहून आणायचं. कल्पना माझी नव्हे. अमेरिकेतल्या मेरीलँड विद्यापीठात २०१० साली सुमारे २०० विद्यार्थ्यांना हेच सांगितलं होतं. पुढे पाच खंडांतल्या दहा देशांत मिळून हजाराच्या आसपास विद्यार्थ्यांनी असाच दिवस काढला. त्यांच्या लिखाणात तल्लफ, चुळबुळ, व्यसन ही भाषा पुन्हा पुन्हा आली होती, आणि तेव्हा तर स्मार्टफोन आजच्याइतके सगळ्यांच्या हातात नव्हतेही.

आमच्या मुलांची पानं वाचली तेव्हापासून डोक्यातून जात नाहीयेत. एकाने लिहिलंय, की सकाळी जाग येताच हात उशीखाली गेला, तिथे काही लागेना म्हणून त्याने चादर झटकली, गादी उचलून पाहिली. फोन रात्री त्यानेच कपाटात ठेवून किल्ली आईकडे दिली होती. एक जण दिवसभर कानात हेडफोन घालून फिरला, वायरचं दुसरं टोक खिशात मोकळं. कान झाकलेले दिसले की कुणी बोलायला येत नाही, तेवढाच आधार. एकीला फळ्याचा फोटो काढता येईना म्हणून सगळं उतरवून घ्यावं लागलं आणि अर्ध्या तासात बोटं दुखून आली. निम्म्याहून अधिक मुलांना दिवस पुरा करता आला नाही. त्यांनी ते लपवलं नाही, याचं मला फार कौतुक वाटतं.

पण ज्या पानामुळे हा धागा काढला ते वेगळंच आहे. एका मुलीने २४ तास पूर्ण केले. दुसऱ्या दिवशी फोन सुरू केला तर ग्रुपवर मेसेजचा ढीग. तिने वरपासून खालपर्यंत सगळे वाचून काढले. 'मी कुठे आहे असं एकानेही विचारलेलं नव्हतं' एवढं लिहून तिने थांबवलंय. खाली अर्धं पान कोरं आहे.

पुढच्या सत्रात हे काम पुन्हा द्यावं का? द्यायचं तर कसं? (मुलांना विचारूनच आणि नावं न घेता लिहिते आहे.)

काजवा:
नक्की द्या. मी तेवीस वर्षांचा आहे, मागच्या वर्षी फोन बिघडला म्हणून चार दिवस त्याच्याशिवाय होतो. पहिला दिवस नुसती चिडचिड. अंगठा आपला आपण हलायचा, शपथेवर सांगतो. दुसऱ्या दिवशी दुपारी बसल्या बसल्या झोप लागली, तीन तास. तिसऱ्या दिवशी शाळेत असताना काढायचो तशी चित्रं काढायला बसलो. फोन दुरुस्त होऊन आला तेव्हा आनंद झाला, खोटं कशाला बोलू, पण ती वही अजून टेबलावर आहे आणि अधूनमधून उघडली जाते.

मैना:
बाकी सगळं जमेल हो, सकाळी गजर कोण लावणार? आमच्या घरात पाच माणसं आणि गजराचं घड्याळ एकही नाही.

सरासरी:
मी आकडेवारीत काम करतो, म्हणून थोडा वेगळा सूर लावतो. तरुणांना फोनने पोखरून टाकलंय हे आपण इतक्यांदा ऐकतो की ते सिद्ध झालंय असंच वाटायला लागतं. एमी ऑर्बन आणि अँड्र्यू शिबिल्स्की यांनी २०१९ साली साडेतीन लाखांवर किशोरवयीन मुलांची माहिती तपासली. मुलांच्या मनःस्वास्थ्यात जो कमीजास्त फरक दिसतो, त्यातला फार तर ०.४ टक्के भाग डिजिटल साधनांच्या वापराशी जोडता आला. त्याच माहितीत चष्मा लावण्याचा संबंध त्याहून जास्त निघाला.

फोन निरुपद्रवी आहे असं मी म्हणत नाही. सरासरीत मुलं एकमेकांना झाकतात. एकीला फोनवर जिवाभावाची मैत्रीण मिळालेली असते, दुसरीचा तिथेच छळ चाललेला असतो, आणि दोघींची बेरीज शून्याच्या जवळ येते. पाऊलवाट, तुमच्या हातातली पानं मला या आकड्यापेक्षा मोलाची वाटतात ती याचसाठी. फक्त त्यावरून 'आजची पिढी' अशी सुरुवात होणारं वाक्य कुणी करू नये.

खिडकी:
मी सतरा वर्षांची आहे. इथे बहुतेक सगळे मोठे दिसतात, तरी लिहिते.

सरासरी काका, शेवटच्या वाक्याबद्दल मनापासून आभार. आम्हाला सारखं सांगतात, फोन बाजूला ठेव. बाजूला ठेवून बघितलंय. गेल्या सुट्टीत मी ठरवून संध्याकाळी सहा ते नऊ फोन ड्रॉवरमध्ये ठेवायचे. बाहेरच्या खोलीत येऊन बसायचे. बाबा फोनवर, आई फोनवर, आजी टीव्हीसमोर. मी काही सांगायला लागले की बाबा 'हं' म्हणायचे. एक दिवस मी गोष्ट अर्धवट सोडली, शेवट सांगितलाच नाही. तेव्हाही 'हं' आलं. मग मी आत जाऊन ड्रॉवर उघडला.

बाबांवर राग नाहीये, ते दिवसभर थकलेले असतात. पण फोन ठेवून दिल्यावर आम्ही जायचं कुठे, हेही कुणीतरी सांगा ना.

काजवा:
खिडकी, वाचून गलबललं. तुझी ती गोष्ट शेवटासकट इथे लिही, आम्ही वाचू.

लोलक:
मी आठ वर्षं मोबाइल अ‍ॅप बनवणाऱ्या कंपन्यांत काम केलं, त्यातली तीन वर्षं नोटिफिकेशनवर. आतली बाजू सांगतो, कारण मुलं स्वतःला दोष देतात तेव्हा मला फार वाईट वाटतं.

पूर्वी पान संपायचं, 'पुढचं पान' असं बटण यायचं. त्या बटणापाशी माणूस क्षणभर थांबायचा आणि पुरे म्हणायचा. २००६ साली एझा रास्किन यांनी न संपणारं स्क्रोल तयार केलं आणि थांबायची ती जागाच गेली. पुढे त्यांनी स्वतः याबद्दल जाहीरपणे खेद व्यक्त केला आहे. दुसरी गोष्ट म्हणजे बोटाने पान खाली ओढून सोडायचं, की नवीन काहीतरी येतं. दर वेळी येत नाही, कधीतरी येतं. मानसशास्त्रज्ञ स्किनर यांनी कबुतरांवर प्रयोग केले तेव्हा हेच दिसलं होतं. दाणा ठरलेल्या हिशेबाने मिळाला तर कबुतर दाणा मिळाल्यावर जरा थांबतं. केव्हा मिळेल याचा नेम नसेल तर ते चोच मारतच राहतं, आणि दाणे बंद केले तरी लवकर सोडत नाही.

आमच्याकडे रोज सकाळी एक आलेख बघायचे, काल किती जण परत आले. जो दोन दिवस आला नाही त्याला 'तुमचा मित्र अमुक बघतोय' असा निरोप जायचा. तो मजकूर मी लिहिलाय. एकेका शब्दाचे पाच पाच पर्याय करून, कोणत्या शब्दाला जास्त लोक परत येतात ते मोजून. एकोणीस वर्षांच्या मुलासमोर एका बाजूला त्याची इच्छाशक्ती आणि दुसऱ्या बाजूला अशी सगळी तयारी. तो हरला तर त्याचं काय चुकलं?

निशिगंध:
लोलक, हे लिहायला धैर्य लागतं.

मी डॉक्टर आहे, झोपेच्या तक्रारी घेऊन येणारे तरुण रोज बघते. सगळ्यांना निळ्या प्रकाशाची भीती घातलेली असते. त्यावरचा २०१५ चा प्रसिद्ध प्रयोग बारा जणांवरचा आहे. झोपण्यापूर्वी चार तास प्रकाशमान पडद्यावर वाचलं तर छापील पुस्तकाच्या तुलनेत मेलाटोनिनची (रात्र झाल्याचं शरीराला सांगणाऱ्या संप्रेरकाची) वेळ दीड तासाने पुढे गेली, पण झोप लागायला सरासरी दहा मिनिटंच जास्त लागली. माझ्यासमोर बसणाऱ्या मुलांचं दुखणं दहा मिनिटांचं नसतं. ती दोन दोन तास झोपेला दारात ताटकळत ठेवतात. दिवसभर अभ्यास, नोकरी, प्रवास, घर, आणि रात्री अकरानंतरच कुठे स्वतःचा वेळ सुरू होतो. तो सोडवत नाही.

पाऊलवाट, तुमच्या मुलांनी रात्रीबद्दल काय लिहिलंय?

पाऊलवाट:
निशिगंध, बऱ्याच जणांना झोप लवकर लागली. पण एक मुलगा बरोबर उलट. त्याला लहानपणापासून कुणाचा तरी आवाज कानावर पडत असल्याशिवाय झोप येत नाही, तो व्हिडिओ लावून फोन उलटा ठेवतो आणि नुसता ऐकतो. त्या रात्री तो पहाटे चारपर्यंत जागा होता. 'खोली किती मोठी आहे हे पहिल्यांदा कळलं' असं लिहिलंय त्याने.

कानोसा:
मला या प्रयोगाला विरोध नोंदवायचा आहे.

मला जन्मापासून जवळजवळ ऐकू येत नाही. वय २६. शाळेत असताना घरातल्या गप्पांमध्ये मी फक्त तोंडं हलताना बघायचे. सगळे हसले की मीही हसायचे आणि 'काय झालं?' विचारलं की उत्तर यायचं, 'काही नाही गं, नंतर सांगते.' ते नंतर कधी यायचं नाही. आता समोरचा बोलतो ते फोनवर अक्षरांत उमटतं. मैत्रिणींशी व्हिडिओवर खुणांच्या भाषेत तासन्‌तास बोलते. तुमच्यासाठी २४ तास फोनशिवाय म्हणजे शांतता. माझ्यासाठी ते परत त्या जेवणाच्या टेबलावर जाऊन बसणं आहे.

तुमच्या वर्गात माझ्यासारखी एखादी असेल आणि ती सगळ्यांसमोर 'मला जमणार नाही' म्हणायला लाजली असेल तर? विरोध प्रयोगाला म्हणून नाही, सक्तीला आहे.

पाऊलवाट:
कानोसा, हे माझ्या मनातच आलं नव्हतं. काम सगळ्यांना सरसकट दिलं ही माझी चूक झाली. पुन्हा दिलं तर कारण न विचारता नकार देण्याची मोकळीक असेल, आणि नकार देणाऱ्यांचे गुण कापले जाणार नाहीत.

उंबरठा:
कानोसा यांचं म्हणणं पटलं, तरी मी प्रयोगाच्या बाजूने आहे, कारण मी बाप आहे.

मुलगा एकोणीस वर्षांचा असताना सहा महिने कॉलेजला गेलाच नाही. रात्रभर गेम, दिवसभर झोप, अंघोळसुद्धा तीन तीन दिवस नाही. मी राउटर उपटून फेकला होता. त्या रात्री त्याने दाराला डोकं आपटून घेतलं. पुढे एका समुपदेशक बाईंनी आम्हाला मार्ग दाखवला. त्यांनी पहिल्या भेटीत गेमबद्दल एक शब्द काढला नाही, 'गेमच्या आधी काय झालं होतं?' एवढंच विचारलं. पहिल्या सत्रात नापास झाला होता आणि आम्हाला सांगायची भीती वाटली होती. आम्हाला हे ठाऊकच नव्हतं.

आज तो शिकतोय, गेमही खेळतो, वेळ ठरवून. पण व्यसन हा शब्द खोटा आहे असं मला कुणी सांगू नये.

सरासरी:
उंबरठा, तुमचा मुलगा सावरला हे वाचून फार बरं वाटलं. शब्दाबद्दल तुम्ही बरोबर आहात. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणात गेमिंगचा विकार आता आहे, १ जानेवारी २०२२ पासून ते वर्गीकरण लागू झालं. ताबा सुटणं, बाकी सगळ्याच्या वर गेम जाणं, नुकसान दिसत असूनही चालू राहणं, आणि हे साधारण बारा महिने. लक्षणं तीव्र असतील तर त्याआधीही निदान करता येतं. फोनचं किंवा सोशल मीडियाचं व्यसन मात्र त्या यादीत नाही. म्हणून पानापानावर दिसणारी चुळबुळ आणि तुमच्या घरात घडलं ते, दोन्हीला एकच शब्द वापरला तर ज्याला खरोखर उपचार हवेत त्याच्याकडे दुर्लक्ष होईल अशी भीती वाटते.

मैना:
जरा हलकं काही. खिशात फोन थरथरल्यासारखं वाटतं आणि बघावं तर काहीच नाही, असं फक्त मलाच होतं का? परवा तर फोन हातात होता आणि थरथर खिशात!

निशिगंध:
अजिबात नाही, मैनाताई. अमेरिकेत २०१२ साली कॉलेजच्या मुलांना विचारलं तेव्हा ८९ टक्क्यांनी असं होतं म्हणून सांगितलं, आणि बहुतेकांना त्याचा त्रासही वाटत नव्हता. निरोपाची वाट बघण्याची सवय लागली की कपड्याची सळसळही निरोपासारखी भासते.

काजवा:
आणखी एक. व्हर्जिनिया विद्यापीठात टिमोथी विल्सन यांनी लोकांना रिकाम्या खोलीत पंधरा मिनिटं नुसतं विचार करत बसवलं होतं (निष्कर्ष २०१४ मध्ये आले). सोबतीला एक बटण, दाबलं की विजेचा झटका. हा झटका टाळायला आम्ही पैसे देऊ असं म्हणणाऱ्यांतलेच १८ पैकी १२ पुरुष आणि २४ पैकी ६ बायका ते बटण दाबून मोकळ्या झाल्या. रिकामं बसणं माणसाला फोन नसतानाही जड जातं, फोन तिथे आयता सापडला. माझे चार दिवस गेले ते वही सापडल्यामुळे. नुसतं 'काही करू नका' असं सांगितलं असतं तर मीही बटण शोधलं असतं.

खिडकी:
काजवा दादा, मग खोलीत बटणाऐवजी दुसरा माणूस ठेवला असता तर?

लोलक:
वर सगळं वाचत होतो आणि मन त्या कोऱ्या अर्ध्या पानापाशीच अडकलंय. खिडकीने विचारलं तेच मला पाऊलवाट ताईंना सुचवायचं आहे.

त्या मुलीचा दिवस फोन नसल्यामुळे अवघड गेला नाही, तो तर तिने निभावला. बाकी सगळे आत होते आणि ती एकटी बाहेर, हे तिला लागलं. शिकागो विद्यापीठातले लिओनार्डो बर्स्टिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२३ साली कॉलेजच्या हजारावर विद्यार्थ्यांना विचारलं होतं, की महिनाभर टिकटॉक किंवा इन्स्टाग्राम सोडायला किती पैसे घ्याल. एकट्याने सोडायचं तर मुलं बरीच रक्कम मागत होती. तुमच्या कॉलेजातले जवळजवळ सगळेच सोडणार आहेत म्हटल्यावर त्यांतली बरीचशी मुलं उलट आपल्या पदरचे पैसे मोजायला तयार झाली. म्हणजे जी जागा नसती तर बरं असं त्यांना वाटतं, तिथेच ती बसून असतात, कारण बाकीचे तिथे आहेत. नोटिफिकेशन लिहिताना आम्ही नेमकं याच दुखऱ्या जागेवर बोट ठेवत होतो. 'तुमचा मित्र बघतोय.'

काम एकेकट्याला देऊ नका. ज्यांना यायचंय त्यांनी एकाच दिवशी फोन बंद करावा, आणि त्या दिवशी भेटायची एक जागा ठरलेली असावी.

उंबरठा:
+१. आणि २४ तासांचा हट्ट कशाला? मुलाच्या बाबतीत एकदम सगळं तोडलं तेव्हा दाराला डोकं आपटलं गेलं, वेळ ठरवून कमी केलं ते टिकलं.

सरासरी:
याला आधारही आहे. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात २०१८ साली १४३ विद्यार्थ्यांवर प्रयोग झाला. एका गटाने फेसबुक, इन्स्टाग्राम, स्नॅपचॅट प्रत्येकी रोज दहा मिनिटांवर आणलं. तीन आठवड्यांनी त्या गटाचा एकटेपणा आणि उदासी कमी झाली होती. संख्या लहान आहे, पण कुणालाही पूर्ण तोडावं लागलं नाही.

कानोसा:
भेटायची जागा ठरवाल तर उजेड चांगला असू द्या आणि गोल बसा, सगळ्यांचे चेहरे दिसतील असं. अंधारात माझ्यासारखीला ओठ वाचता येत नाहीत. अशी बैठक असेल तर मीसुद्धा फोन पिशवीत ठेवून येईन.

पाऊलवाट:
पाच दिवसांनी लिहितेय. आज वर्गात विषय काढला. हा धागा वाचून दाखवला, कानोसा यांचा प्रतिसाद आधी. सकाळी ९ ते रात्री ९, शनिवार, ज्याला यायचं त्याने, कॉलेजची मोठी खोली आम्हाला मिळाली आहे. त्यात काय करायचं ते मुलं ठरवतील, मी फक्त किल्ली आणणार. उशीर झाला किंवा कुणी आलंच नाही तर शोधायचं कसं, यावर बराच वेळ वाद झाला. शेवटी ठरलं की प्रत्येकाने चौघांच्या घरच्यांचे नंबर आणि पत्ते कागदावर लिहून घ्यायचे आणि साडेनऊपर्यंत जो आला नाही त्याच्या घरी दोघांनी जायचं.

ती मुलगी मागच्या बाकावर बसते. तिने वहीचं पान फाडून चौकोन आखले, चार नंबर घेतले. मग पुढच्या बाकावरचा तो पहाटे चारपर्यंत जागलेला मुलगा मागे वळला आणि म्हणाला, माझं घर लांब आहे, पण माझाही लिहून घे. तिने पान उलटं केलं आणि मागच्या बाजूला पाचवा चौकोन काढला.

खिडकी:
ताई, मी तुमच्या कॉलेजात नाही, पण शनिवारी ९ ते ९ मीही फोन बंद ठेवणार. बाबांना विचारलंय. त्यांनी फोनवरून मान वर केली आणि 'किती वाजता?' म्हणाले.

मैना:
गजराची दोन घड्याळं आणली आहेत. एक खिडकीला देते, पत्ता व्यक्तिगत निरोपात कळव गं.